चाळीस घरांचा फोन

आमच्या गावात ओटीपी चालत यायचा. इतर ठिकाणी तो टुंग करून फोनवर येतो. आमच्याकडे आधी टायरच्या चपलांचा आवाज यायचा, मग दारात खाकरणं, मग ‘घरी कोन हाये?’ अशी हाक. त्यानंतर अंताराम शहारे नावाचा उंच, वाळकुडा म्हातारा काखेत छत्री घेऊन अंगणात उभा राहायचा. ज्याचा आकडा असेल त्याला कोपऱ्यात न्यायचा आणि कानाशी वाकून सहा आकडे सांगायचा. एकेक करून, दोनदा. ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवले की त्याच्यासमोर फोनमधला मेसेज पुसायचा आणि म्हणायचा, ‘झालं. आता तुमचा तुमच्याजवळ.’

ओटीपीची मुदत दहा मिनिटांची आणि आमचं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांचं. त्यामुळे निम्मे आकडे कानात पडेपर्यंत मेलेले असायचे. मग नवा मागवायचा, मग अंतारामजी परत कालव्याच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, आपल्या घरी जायचे, मग परत यायचे. चिडायचे नाहीत. आयुष्यभर इटियाडोह धरणाच्या कालव्यावर चौकीदारी केलेल्या माणसाला पाळीवरून येरझाऱ्या घालायचं काय वाटणार?

एका माणसाच्या फोनवर चाळीस घरांचे आकडे का येत होते, ते सांगितलं पाहिजे. आमचं गाव कालव्याच्या खालच्या अंगाला, खोलगटात. मोबाइलची रेंज मिळायची ती फक्त पाळीवर, आणि पाळीवर घर एकच, अंतारामजींचं. आधारला मोबाइल नंबर जोडायचं शिबिर गावात लागलं तेव्हा निम्म्या लोकांकडे फोन नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांना रेंज नव्हती. ‘नंबर सांगा’ म्हटल्यावर पहिल्या बाईनं सांगितलं, ‘चौकीदार बाबाचा लिवा.’ तिच्या मागच्या बाईनंही तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत राशनचं धान्य, गॅसची टाकी, बँकेचं खातं, निराधारांचं अनुदान, धान विकायची नोंदणी, सगळ्याची किल्ली त्या एका फोनात जाऊन बसली. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. पाण्याच्या गेटची चावी ज्याच्याकडे तीस वर्षं होती, त्याच्याकडेच ही पण राहू दे, इतका साधा हिशेब होता. पुढे शाळा, राशन दुकान आणि माझ्या घराच्या बाजूला जेमतेम रेंज येऊ लागली, तरी चाळीस घरांचा नंबर तोच राहिला.

मी गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. शाळेत कॉम्प्युटर आल्यावर त्यावरची धूळ मीच पुसायचे, म्हणून कॉम्प्युटरही माझ्याकडे आला आणि मी ‘कॉम्प्युटरच्या मॅडम’ झाले. गावात माझी जी काही किंमत होती ती या पदवीमुळे.

अंतारामजींचं एक ब्रीद होतं: ‘आधी वाचाचं, मंग दाबाचं.’ त्यांच्या वडिलांनी कुणाच्या तरी कागदावर न वाचता अंगठा दिला आणि धानाच्या दोन बांध्या गेल्या. त्या बांध्या पाळीवरून अजून दिसतात. म्हणून वडिलांनी पोराला चौथीपर्यंत का होईना शाळेत घातलं, आणि हा पोरगा साठी उलटली तरी जे समोर येईल ते ओठ हलवत, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचायचा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नपत्रिकेतली ‘व्यवस्थापक’ मंडळींची यादी, बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूर. विहारात पौर्णिमेला वंदना झाली की मागच्या बैठकीचा कागद वाचून दाखवायचं काम त्यांचं. ते इतक्या सावकाश वाचायचे की पोरंबाळं झोपून जात.

आकडा द्यायच्या आधी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. कोनाचा? कायले? कोन मांगून राहिला? तिन्हीची उत्तरं पटली तरच आकडा. एकदा राशन दुकानदारानं त्यांना थेट फोन केला. सायत्राबाईचा अंगठा मशीन घेत नव्हतं, म्हणून ओटीपी हवा होता. सायत्राबाई म्हणजे आमच्या शाळेमागची एकटी राहणारी विधवा. तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलात, एरवी लोकांच्या धानाच्या रोवण्यावर मजुरीला. दुकानदार म्हणाला, बाई इथंच उभी आहे, सांगा आकडा. अंतारामजी म्हणाले, ‘बाई उभी आहे त मी येतो.’ आणि भर उन्हात चालत दुकानावर गेले, सायत्राबाईला रांगेतून बाजूला घेतलं आणि तिच्याच कानात सांगितलं. तोवर मुदत संपली, दुकानदारानं शटर ओढलं. सायत्राबाई कडाडली.

‘काय गा बाबा, फोनवर सांगतले असते त तुमचं का जात होतं? माझ्या घरी चूल पेटाची हाये!’

‘तांदूळ उद्या भेटन, सायत्रा. आकडा गेला त वापस येत नाही.’

त्या दिवशी अंतारामजींच्या घरून पायलीभर तांदूळ सायत्राबाईकडे गेले. त्यांच्या बायकोनं हे मला सांगितलं होतं, आणि सांगताना ती नवऱ्यावर वैतागलेलीच होती.

नोकरीत असतानाचीही एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. ऐन रोवण्याच्या दिवसांत एक वजनदार पुढारी मोटरसायकलवर गेटपाशी आला. पाणी घ्यायची पाळी दुसऱ्या गावाची होती, याला पाणी आपल्या बांध्यांत हवं होतं. अंतारामजींनी चावी दिली नाही. पुढाऱ्यानं तिथंच पाटबंधारे खात्याच्या साहेबांना फोन लावला आणि फोन यांच्या कानाला लावला. साहेब म्हणाले, सोड पाणी. अंतारामजी म्हणाले, ‘साहेब, आवाजाले शिक्का नसते. चिठ्ठी पाठवा.’ चिठ्ठी काही आली नाही आणि पाणीही सुटलं नाही. पुढे वर्षभर त्यांना दूरच्या चौकीवर टाकलं. ही गोष्ट लोक कौतुकानं सांगायचे, मीसुद्धा सांगायचे. त्यात एक बारीकशी अडचण लपलेली होती ती तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही. शिक्का असता तर त्यांनी गेट उघडलं असतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी आसपासच्या गावांत मोबाइलवरून फसवाफसवीचे प्रकार व्हायला लागले, तेव्हा ग्रामपंचायतीनं माझं भाषण ठेवलं. मी शाळेच्या पडवीत उभी राहून चांगलं तासभर बोलले. लिंक दाबू नका, अनोळखी अ‍ॅप टाकू नका, साधं दिसणारं अ‍ॅप आतून चोर असू शकतं, तुमचे मेसेज वाचून परस्पर दुसरीकडे पाठवू शकतं. शेवटी टाळ्यांची जागा हेरून म्हटलं, ‘आणि जरा जरी शंका आली, तरी मला विचारा!’ टाळ्या पडल्याही. तेवढ्यात मागून अंतारामजी छत्री टेकवत उठले.

‘मॅडम, शंका आली त इचाराचं म्हनता. पन शंकाच नाही आली त?’

सगळी पडवी हसली. मीही हसले. ‘तुम्हाला शंका येणार नाही असं होईल का, अंतारामजी?’ असं काहीसं म्हणून मी वेळ मारून नेली. त्या म्हाताऱ्यानं तासाभरातला एकच खरा प्रश्न विचारला होता आणि मी, कॉम्प्युटरची मॅडम, त्याच्यावर दात काढत होते.

त्यांनी मात्र मला शब्दात धरलं. त्या दिवसापासून त्यांचे फोन सुरू झाले. ‘मॅडम, बॅटरी कमी आहे म्हनून लिवून आलं. हे खरं आहे?’ ‘मॅडम, फोन म्हन्ते अपडेट कर. करू?’ प्रत्येक वेळी पूर्ण मजकूर वाचून दाखवायचे. स्वल्पविराम आला की थांबायचे. पहिले काही महिने मी मन लावून ऐकलं. मग भाजी निवडता निवडता ऐकायला लागले. मग त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. शिक्षकांच्या खोलीत मी त्यांची नक्कलही करून दाखवली आहे, खोटं कशाला बोलू.

तो दिवस शाळेचा होता, दुपारचा. वरून कसलीशी ऑनलाइन माहिती ‘आजच्या आज’ मागवलेली आणि मुख्याध्यापक माझ्या खुर्चीमागं उभे. फोन आला. कालव्याच्या पाणी वाटपाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, अंतारामजी निवृत्त झाले तरी त्यात होते. त्यावर साहेबांच्या नंबरवरून एक अ‍ॅप आलं होतं. फोन सुरक्षित करण्याचं. सर्वांनी तात्काळ टाकणे.

‘वर शासनाचा शिक्का आहे, मॅडम. पन फोन म्हन्ते, हे अनोळखी जागेवरून आलं, धोका आहे. आता माननार कोनाचं? फोनचं का साहेबाचं?’

‘साहेबांच्याच नंबरवरून आलंय ना?’

‘हो. आनि आता थे परवानगी मांगून राहिलं. वाचू का?’

‘वाचा.’

‘या अ‍ॅपला आपले संपर्क पाहण्याची परवानगी द्या. या अ‍ॅपला आपले संदेश...’

‘अहो अंतारामजी, पूर्ण नका वाचू. सुरक्षेचंच आहे ना? द्या परवानगी.’

‘देऊ?’

‘द्या हो!’

त्यांनी दिली. आणखी एक शब्द त्यांना वाचू दिला असता, तर ‘संदेश वाचण्याची’ एवढं माझ्या कानावर आलं असतं, आणि कितीही घाई असली तरी ते ऐकून मी खुर्चीतून उठले असते. भाषणात तासभर मी दुसरं काय सांगितलं होतं?

पुढचे तीन दिवस अंतारामजींच्या फोनवर एकही आकडा आला नाही. त्यांना वाटलं, फोन सुरक्षित झाला म्हणून फालतू मेसेज थांबले. आकडे येतच होते. ते अ‍ॅप आल्या आल्या त्यांना उचलून कुठल्या तरी लांबच्या माणसाकडे पाठवत होतं आणि इथून पुसून टाकत होतं. एवढ्यावर भागलं नाही. त्यानं अंतारामजींच्या नावानं, त्यांच्या नंबरवरून, त्यांच्या ओळखीच्या एकूण एक माणसाला स्वतःची पिल्लं पाठवली. टचचा फोन घेतलेल्या एखाद्या पोराकडून आलं असतं तर कुणी टाकलं असतं, कुणी नसतं. पण हे चौकीदार बाबाकडून आलं होतं. आजूबाजूच्या पाच गावांतल्या लोकांनी डोळे मिटून ते टाकलं. ‘बाबानं पाठवलं म्हनजे वाचूनच पाठवलं असन,’ असं म्हणूनच टाकलं. दुसऱ्या कुणाच्या नावानं आलं असतं तर इतकं पसरलं नसतं.

चौथ्या दिवशी सायत्राबाई बँकेत गेली. तिच्या घराच्या कवेलूंवर माकडं नाचून नाचून दर पावसाळ्यात घर गळायचं, म्हणून तेंदूपत्त्याचा बोनस आणि निराधारचे पैसे साठवून ती छपराला टिना टाकणार होती. खातं रिकामं होतं. मग एकेक करत लोक बँकेत जाऊ लागले आणि तोंड पाडून परत येऊ लागले.

हे बाहेर आल्यावर दुसऱ्या दिवशी साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, ‘माझा फोन हॅक झाला होता. कृपया दुर्लक्ष करावे.’ खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, ‘काळजी घ्या साहेब’ म्हटलं. साहेबाचा फोन हॅक होतो आणि चौकीदाराची नियत बिघडते, हे मला तेव्हा कळलं. कारण गावात दुसरीच कुजबुज सुरू झाली होती. तीन दिवस आकडे आले नाहीत म्हणतो, मग गेले कुठं? फोन त्याच्याच हातात होता ना? इतकी वर्षं फुकट कोण कुणाचं करतं?

तालुक्याला पोलिसांत तक्रार दिली. तिथं विचारलं, ‘परवानगी तुम्हीच दिली ना?’ अंतारामजी म्हणाले, ‘हो.’ ते लिहून घेतलं गेलं.

मग सभा झाली, शाळेच्या त्याच पडवीत. सायत्राबाई उभी राहून बोलली, बोलता बोलता रडली आणि रडता रडता शिव्या दिल्या. ‘माझ्या चुलीले त्या दिवशी आकडा देला नाही या बुढ्यानं, आनि चोराले बरोबर देला!’ अंतारामजी खांबाला टेकून उभे होते. काखेत छत्री होती. सरपंचांनी विचारलं, ‘बाबा, खरं सांगा. तुमी त पानी बी इचारून पेता. हे कोनाले इचारून टाकलं?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान खाली घातली असती तरी बरं झालं असतं, निदान लाज तरी दिसली असती. मी त्यांच्याकडे बघत राहिले, जणू उत्तर काय येतंय याची इतरांसारखी मलाही उत्सुकता आहे.

‘माह्याच मनानं टाकलं,’ ते म्हणाले.

आणि मी गप्प बसले. याहून वाईट पुढे झालं. सरपंच म्हणाले, मॅडम, तुम्हीच समजावून सांगा सगळ्याइले. मी उठले. उठले, आणि अंतारामजींपासून पाच हातांवर उभी राहून बोलले की कुठल्याही अ‍ॅपला परवानगी देण्याआधी ती पूर्ण वाचावी. लोकांनी माना डोलावल्या. अंतारामजीही ऐकत होते. जिभेला काही झालं नाही माझ्या.

रात्रभर कूस बदलून सकाळी मी पाळीवर गेले. त्यांच्या बायकोनं माझ्यापुढे लाल चहा ठेवला, पण बसा म्हणाली नाही. फोनवर मी काय सांगितलं ते तिला ठाऊक होतं. मी अंतारामजींना म्हटलं, ‘मी सगळ्यांना सांगते. माझ्यामुळे झालं. आजच सांगते.’

ते पाळीवरचं गवत उपटत होते. नोकरी संपून वर्षं झाली तरी हे काम ते करतच होते. हात न थांबवता म्हणाले, ‘कायले?’

‘कायले म्हणजे? लोक तुम्हाला चोर म्हणतायत.’

‘म्हनून राहिले त म्हनू द्या. माहं नाव गेलं, थे गेलं. तुमी सांगसान त तुमचं बी जाईन. मंग या लोकाइनं इचाराचं कोनाले? त्या ऑनलाइन सेंटरवाल्याले?’

त्यांनी मुठीतलं गवत बाजूला टाकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया बिया काही नव्हती.

‘मी तुमच्यावर उपकार नाही करून राहिलो, मॅडम. गावाले इचाराले कोनीतरी एक पाह्यजे. तुमी आता तरी पूरं आयकत जा.’

मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. हेच सगळ्यात कडू आहे. पाळीवरून उतरताना मी स्वतःला समजावलं, त्यांचीच इच्छा आहे, आपण काय करणार. म्हाताऱ्याचं शहाणपण मी माझ्या भित्रेपणावर पांघरूण म्हणून घेतलं आणि घरी येऊन गरम गरम जेवले.

चाळीस घरांनी महिनाभरात नंबर बदलून घेतले. कुणी त्या ऑनलाइन सेंटरवाल्याचा दिला. त्याच्या कॉम्प्युटरवर गावातल्या प्रत्येकाचे कागद उघडे पडलेले असतात आणि पासवर्ड स्क्रीनला चिकटवलेला असतो. पण तो कानात सांगत नाही, मोठ्यानं ओरडून सांगतो, त्यामुळे काम पटकन होतं. विहारातलं वाचन दुसऱ्या कुणाकडे गेलं. तो भराभर वाचतो, लोक खूश आहेत.

माझी बदली सौंदडला झाली. गेल्या थंडीत मी सौंदड स्टेशनवर गोंदियाच्या गाडीची वाट बघत होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला अंतारामजी बसले होते. वडसाच्या बाजूला लेकीकडे चालले असावेत. काखेत छत्री, मांडीवर पिशवी, आणि सदऱ्याच्या खिशात बटणांचा जुना फोन, प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून दोऱ्यानं बांधलेला. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. बोलायला काही नव्हतं, म्हणजे माझ्याकडे होतं, पण मी गाडीच्या वेळेचा फलक वाचत बसले.

तेवढ्यात ‘ओ मॅडम!’ करत सायत्राबाई आली. तिच्या हातात आता टचचा फोन होता. तिनं अंतारामजींना पाहिलं आणि पाठ त्यांच्याकडे करून माझ्याजवळ बसली.

‘मॅडम, हे पाहा ना. घरकुलाच्या यादीत नाव आलं म्हन्ते. दाबू का? तुमाले इचारल्याबिगर मी काही दाबत नाही बापा. एकदा एका मानसावर इस्वास ठेवला त माह्या टिना गेल्या.’ शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.

मी फोन घेतला. पर्समधून चष्मा काढला. वरच्या ओळीपासून सुरुवात केली आणि खालच्या ओळीपर्यंत वाचत गेले. वाचताना माझे ओठ हलत होते ते मला नंतर कळलं. ‘दाबू नका,’ मी तिला म्हटलं आणि मेसेज तिच्यासमोर पुसून टाकला. तेव्हा वडसावरून चांदा फोर्टकडे जाणारी गाडी येऊन लागली होती. अंतारामजी उठले, आमच्यासमोरून जाताना माझ्यापाशी थांबले.

‘पूरं वाचलं?’

‘वाचलं.’

त्यांनी मान हलवली, छत्री आधी डब्यात ठेवली आणि दांडी धरून चढले. गाडी सुटेपर्यंत दाराच्या बाजूला त्यांची पाठ दिसत होती. सायत्राबाई माझ्याकडे सरकली.

‘काय म्हनत होता वो थो?’

‘काही नाही,’ मी म्हटलं.